मोजलेले आणि मानलेले

छापील आकड्यापुढे आपण चटकन नमतो. तोंडी सांगितलेला अंदाज कोणी मनावर घेत नाही. तोच टंकलिखित होऊन आला की त्याला मान मिळतो. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना हे मी वर्षानुवर्षे पाहिले. प्रकल्प-अहवालात खर्च अगदी रुपयापर्यंत मांडलेला असे. ‘‘यातले मोजलेले किती आणि मानलेले किती?’’ असे विचारले की समोरचे गृहस्थ चाचरत. दोन्ही आकडे एकाच शाईत उतरलेले असत.

कोकण रेल्वेचेच पाहा. रोह्यापासून ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरचा मार्ग. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले, पाच वर्षांत काम पुरे करण्याचे ठरले. ई. श्रीधरन यांच्यासारखा खंबीर माणूस प्रमुखपदी असूनही सबंध मार्गावर गाडी धावायला 1998 चा जानेवारी उजाडला. पैशांची चणचण आणि गोव्यातला वाद ही कारणे होतीच. पण डोंगरांनीही हिशेब चुकवले. 90हून अधिक बोगद्यांपैकी बहुतेक कातळातून गेले. नऊ मात्र पाण्याने भिजलेल्या मऊ मातीत निघाले. पेडण्याच्या बोगद्यात तर खोदलेले पुन्हा पुन्हा ढासळे. त्याच बोगद्याची भिंत ऑगस्ट 2020 मध्ये कोसळली आणि जुलै 2024 मध्ये आत पाणी आल्याने गाड्या थांबवाव्या लागल्या.

याला अभियंत्यांचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. शितावरून भाताची परीक्षा होते, डोंगराची होत नाही. भोक पाडून काढलेला नमुना त्या जागेपुरते सांगतो. दोन भोकांमधले सारे अनुमानच असते.

मग करायचे काय? मातीच्या अभियांत्रिकीतले अमेरिकन तज्ज्ञ राल्फ पेक यांनी 1969 मध्ये एक रीत नीट मांडली. बहुधा काय असेल त्यावर आराखडा करा; वाईटात वाईट काय निघू शकेल तेही लिहून ठेवा. काम चालू असताना काय मोजायचे ते आधी ठरवा आणि माप बिघडले तर कोणता उपाय करायचा तोही तयार ठेवा. वाटेत आराखडा बदलण्याची सोय नसेल तर मात्र ही रीत वापरू नका, असेही त्यांनी बजावले.

ही सोय म्हणजे करारात राखून ठेवलेला पैसा आणि वेळ. आपण नेमकी तीच देत नाही. आपल्याला उद्‌घाटनाची तारीख हवी असते. ‘‘अजून ठाऊक नाही, अमुक चाचणीनंतर सांगतो’’ म्हणणारा अभियंता आपल्याला कच्चा वाटतो. मग तोही निमूटपणे ठाम आकडा लिहून देतो. त्या ठामपणाची किंमत मोजतो तो छताखाली खोदणारा मजूर आणि पुढे त्याच मार्गाने जाणारा उतारू.

नव्या पुलाची किंवा भुयाराची बातमी वाचाल तेव्हा खर्चाच्या आणि तारखेच्या जोडीला, काय अजून तपासायचे आहे आणि ते कधी कळेल, हेही त्यात शोधा. ते सापडले नाही तर विचारा. पैसा आपला आहे, आणि त्या भुयारातून आपलीच मुले जाणार आहेत.