छायाचित्र आणि संमती

पूर्वी घरातील छायाचित्रे अल्बममध्ये असत. ती कोणाला दाखवायची, हे घरचेच ठरवीत. आज समाजमाध्यमावर टाकलेले छायाचित्र हातचे सुटते. मूळ चित्र पुसले, तरी दुसऱ्याने जतन केलेली प्रत उरते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. परंतु न्यायालय प्रत्येक मोबाइलवर पहारा ठेवू शकत नाही. आपले छायाचित्र कोण पाहील, हे ठरविण्याची सोय समाजमाध्यमांत असते. ती अवश्य वापरावी. मात्र छायाचित्रात अनेकदा इतरही असतात. त्यांना न विचारता ते प्रसृत करणे म्हणजे त्यांचा हक्क परस्पर वापरणे होय. जो दुसऱ्याची संमती घेतो, त्यालाच स्वतःच्या खासगीपणाचा आग्रह शोभतो.