दबदबा आणि शेजार

रायपुरात चर्चचा प्रभाव कसा वाढावा, हा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. चर्चमधले काही जण म्हणतात, प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या चंगाई सभा भरवा, मंडप मोठा घाला, डोकी मोजा. बाहेरचे म्हणतात, यांच्या शाळा-दवाखाने म्हणजे गळाला लावलेलं आमिष. मला दोन्ही मान्य नाहीत. दोघंही प्रभाव बाप्तिस्म्यांच्या आकड्यात मोजतात, आणि तिथेच चुकतात.

मिशनरी ऑस्कर लोर १८६८ साली इथे आले. तरीही २०११च्या जनगणनेत छत्तीसगडात ख्रिस्ती होते दोन टक्क्यांहूनही कमी. या आकड्याची बढाई मारता येत नाही आणि भीतीही दाखवता येत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे, ते मी झाकणार नाही. लोर यांनी बिश्रामपूर वसवलं आणि मिशन त्या गावाचं मालगुजार, म्हणजे जमीनदार, झालं. ज्याच्या जमिनीवर आपलं घर आहे, त्याच्या प्रार्थनेला माणूस जातोच. हा मालगुजाराचा दबदबा होता. त्याला प्रभाव म्हणणं ही चर्चनं स्वतःची केलेली फसवणूक आहे. आज पैशाच्या किंवा चमत्काराच्या आशेवर गर्दी जमवणारे तीच चूक नव्यानं करत आहेत. आजाऱ्याला ‘गोळ्या सोड, प्रार्थना कर’ असं सांगणारा तर गुन्हाच करतो.

पण म्हणून सगळी सेवा आमिष ठरते का? रायपूर-बिलासपूर रस्त्यावर बैतलपूरला चांदखुरीचं कुष्ठरुग्णालय १८९७पासून उभं आहे. कुष्ठानं बधिर झालेल्या तळपायात काटा रुतला तरी कळत नाही. अशा पायांसाठी चपला करणारा मोची रुग्णाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं फिरवून माप घेतो, मऊ रबराचा तळ कापतो आणि खिळा एकही ठोकत नाही. तो वर आला तर त्या पायाला समजणारच नाही. त्या कागदावर पायाची रेघ असते, धर्माचा रकाना नसतो. ज्याला घरच्यांनी गावाबाहेर काढलं, त्याचा पाय कुणीतरी असा हातात घेतला, याला आमिष म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशानं कवी नारायण वामन टिळकांशी आपुलकीनं गप्पा मारल्या आणि नवा करार हाती दिला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ख्रिस्त मराठी घरात पोचला तो त्यांच्या अभंगांतून आणि कीर्तनांतून. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ज्यानं मोजणी थांबवली, त्याचा शब्द दूरवर गेला.

रायपूरच्या चर्चना माझं मागणं त्याच वाटेवरचं आहे. भजनं छत्तीसगढीत गा, मांदर ढोलावर गा. बस्तर-जशपूरहून उपचारासाठी येणाऱ्यांचे नातेवाईक मे महिन्याच्या उन्हात पदपथावर गमछा टाकून पडलेले असतात. चर्चचं आवार मात्र रविवारचे काही तास सोडले तर कुलुपात असतं. ते फाटक आठवडाभर उघडा. सावली आहे, नळ आहे, पंख्याखाली हॉल आहे. आत येणाऱ्याला पाणी द्या, आणि नाव विचारायचंच असेल तर ते केवळ हाक मारण्यापुरतं विचारा.