सोयीचे अरण्य

प्रवासाहून परतलेल्या माणसाने तक्रारी कराव्यात हा जुनाच शिरस्ता आहे. परंतु अलीकडे अशा एका तक्रारीला विचाराचा मान मिळू लागला आहे, म्हणून तिचा परामर्श घेणे अवश्य झाले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ईशान्य किनाऱ्यावर डेंट्री नावाचे अरण्य आहे. जगातील अतिप्राचीन वर्षावनांत त्याची गणना होते. त्याची परंपरा बारा कोटी वर्षांहूनही मागे जाते, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडील सुखवस्तू कुटुंबे आता तेथे जाऊन राहू लागली आहेत. त्यांचा आक्षेप असा की, एवढ्या संपन्न देशाला डेंट्री नदीवर एक पूल बांधता येऊ नये काय? तारेच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या फेरीबोटीसाठी मोटारी घेऊन रांगेत का तिष्ठावे? पलीकडे दूरध्वनी धड चालत नाही, रस्ता अरुंद, रात्री काळोख. पाहुण्यांची ही हेळसांड नव्हे काय?

आमचे उत्तर असे की, ज्याला ही मंडळी हेळसांड म्हणतात तेच त्या अरण्याचे कुंपण आहे.

यात अतिशयोक्ती वाटत असेल त्याने इतिहास पाहावा. नदीच्या दक्षिणेस, जेथे पोहोचणे सुलभ होते, तेथील सखल भागातील बहुतेक अरण्य उसाच्या मळ्यांनी व कुरणांनी केव्हाच गिळले. उत्तरेकडचे वाचले, पण १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांत तेथील सखल जमिनीचेही अकराशेहून अधिक भूखंड पाडून ते विक्रीस काढण्यात आले. हे भूखंड घेणारे सगळेच काही अरण्याचे वैरी नव्हते. खिडकी उघडताच वृक्षराजी दिसावी, एवढीच पुष्कळांची हौस! पण त्या खिडकीसाठी घर, घरासाठी रस्ता आणि रस्त्यासाठी वृक्षतोड, ही साखळी कोणाला चुकली आहे? १९८३ मध्ये केप ट्रिब्युलेशनपासून उत्तरेकडे रस्ता काढण्यासाठी यंत्रे आली, तेव्हा माणसे त्यांच्या वाटेत आडवी पडली. रस्ता झालाच. १९८८ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा ठरला, तरी पुष्कळ खासगी भूखंड त्या सीमेबाहेर राहिले. ते सरकारी पैशाने व लोकवर्गणीने एकेक करून परत विकत घेण्याचा खटाटोप त्यानंतर कित्येक वर्षे करावा लागला.

कोणी म्हणेल, पाहिल्यावाचून प्रेम कसे जडावे, आणि प्रेमावाचून रक्षण कोण करील? आक्षेप खरा आहे. आम्हीही 'जाऊ नका' असे म्हणत नाही. वाद जाण्याविषयी नाही, कोणत्या नात्याने जावयाचे याविषयी आहे. त्या अरण्यात कॅसोवरी नावाचा, उडता न येणारा माणसाएवढा पक्षी आहे. मोठाली फळे गिळून त्यांच्या बिया दूरवर टाकण्याचे काम तो करतो. असे करणारा दुसरा प्राणी तेथे क्वचितच सापडेल. या पक्ष्याच्या मृत्यूचे एक मुख्य कारण म्हणजे मोटारीची धडक. पूल झाला की मोटारी वाढणार, वेगही वाढणार. मग प्रवाशाच्या अर्ध्या तासाच्या बचतीची किंमत त्या पक्ष्याने भरावी, हा कोठला न्याय?

आणि 'निर्मनुष्य, अस्पर्श अरण्य' ही जाहिरातीतील भाषाही खोटी आहे. ते अरण्य कुकू यलान्जी लोकांचे घर आहे. २०२१ मध्ये डेंट्री राष्ट्रीय उद्यानासह सुमारे १,६०,००० हेक्टर भूमीची मालकी सरकारने त्यांना परत दिली. मॉसमनच्या घळीपाशी २०१२ पासून प्रवाशांनी आपल्या मोटारी बाहेर ठेवून तेथील बसमधून आत जावयाचे, असा परिपाठ आहे. इच्छा असल्यास यलान्जी वाटाड्या धुराने स्वागत करून अरण्य दाखवितो. यजमानाने दार कोठे ठेवावे, हे पाहुण्याने सांगावयाचे नसते.

आपल्याकडील सुशिक्षितांनी तेथे अवश्य जावे. परंतु फेरीबोटीच्या रांगेचा त्रास वाटत असेल, पावसाने रस्ता बंद होऊन एखादा दिवस फुकट गेलेला सोसवत नसेल, रात्रीचा काळोख नकोसा होत असेल, तर त्यांनी मुक्काम शहरातच करावा. तेथे सर्व सोयी आहेत.