आसपासचे कार्यक्रम : मिडलटाऊनची नवरात्र



पानं रंगू लागली की आपल्याकडे भोंडल्याचे फोन सुरू होतात. भोंडला तर आहेच, पण आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते.

कनेटिकटमधल्या मिडलटाऊनच्या वेस्लियन विद्यापीठात दर शरदात भारतीय संगीत-नृत्याचा नवरात्र महोत्सव भरतो. १९७० च्या दशकापासूनची ही प्रथा. भरतनाट्यमच्या टी. बालसरस्वती, मृदंगवादक टी. रंगनाथन आणि बासरीवादक टी. विश्वनाथन ही सख्खी भावंडं. तिघांनीही या विद्यापीठात शिकवलं. मैफली क्रोवेल सभागृहात होतात. सरस्वतीपूजनही असतं, त्यात आपली वाद्यं, पुस्तकं ठेवता येतात. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढणाऱ्या आपल्याला ते परकं वाटणार नाही.

गेल्या खेपेस आपल्यातली दोनच कुटुंबं गेली. शेजारचा अमेरिकन विद्यार्थी हातावर बिनचूक ताल धरत होता. आमची मुलं नुसती बघत होती. परतताना गाडीत धाकट्यानं विचारलं, "माझा तबला कुठे आहे?" तो दोन वर्षं तळघरात होता. सॉकरमुळे क्लास सुटला, तो सोडवला आम्हीच.

तेव्हा यंदा तारखा आणि तिकिटांची चौकशी विद्यापीठाच्या कला केंद्राकडे वेळेवर करा. गाडीत जागा असेल त्यांनी आम्हाला कळवावं, ज्येष्ठ मंडळींना न्यायचं आहे. आणि तळघरातली वाद्यं पुसून बरोबर घ्या.

कळावे, लोभ असावा.

— संपादक मंडळ