चकाकीमागचे कवच

स्टेनलेस स्टीलच्या पाइपची पारख ग्राहक डोळ्यांनी करतो. पाइप आरशासारखा झळकला की माल उत्तम, असे तो मानतो. आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच पाइपवर तपकिरी डाग उमटले की व्यापाऱ्याने हलका माल दिला, असा त्याचा ग्रह होतो. मग बिलाचे पैसे अडकतात, माल परत येतो आणि वर्षानुवर्षांच्या संबंधांत कटुता शिरते. अशा अनेक प्रसंगी माल चोख असतो. दोष पॉलिशच्या कामात असतो. म्हणूनच या व्यवसायातील कुटुंबांनी पॉलिशमागील शास्त्र थोडेसे जाणून घेणे हिताचे आहे.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 मध्ये क्रोमियमयुक्त पोलादाचा गंजरोधक गुण ओळखला. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असेल तर हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो. बाजारात सर्वाधिक चालणाऱ्या 304 ग्रेडमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. हा पापुद्रा अवघा दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे पंचवीस हजारावा भाग असतो. पोलादाला गंजापासून वाचवणारे कवच ते हेच.

पॉलिश करताना हे कवच घासले जाते, हे खरे. परंतु त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पृष्ठभाग स्वच्छ असेल आणि त्याला हवा मिळत असेल, तर ते आपोआप पुन्हा तयार होते. हानी घासण्याने होत नाही. घासताना जे मागे राहते किंवा बिघडते, त्याने होते.

पहिला शत्रू म्हणजे साधे लोखंड. ज्या चाकावर किंवा पट्ट्यावर सकाळी एमएसचा पाइप घासला, त्याच चाकावर दुपारी स्टेनलेसचा पाइप धरला, तर लोखंडाचे सूक्ष्म कण त्याच्या पृष्ठभागात रुतून बसतात. साध्या लोखंडी तारेच्या ब्रशनेही हेच घडते. त्या दिवशी काहीच दिसत नाही. ओलावा लागताच ते कण गंजतात, त्यांच्याखाली कवच नीट बांधले जात नाही, आणि दोष मात्र स्टेनलेसच्या माथी येतो. म्हणून स्टेनलेससाठी चाके, पट्टे व ब्रश स्वतंत्र हवेत आणि त्यांवर तशी खूण हवी. काही रुपयांच्या चाकात केलेली काटकसर हजारोंच्या मालाला बट्टा लावते.

दुसरा शत्रू उष्णता. एकाच जागी जोर देऊन घासले की पाइप तापतो आणि त्यावर पिवळसर, तपकिरी वा निळी झाक येते. वेल्डिंगच्या सांध्याजवळही अशीच झाक दिसते. ती केवळ रंगाची बाब नव्हे. तिच्या खालच्या थरातील क्रोमियम उणावलेले असते, म्हणून वरचा रंग पुसून भागत नाही. तो थर घासून अथवा रासायनिक प्रक्रियेने काढावा लागतो. पाइप फिरता ठेवणे, हात हलका ठेवणे आणि झिजलेला पट्टा वेळीच बदलणे, हे त्यावरचे उपाय होत.

तिसरा शत्रू खडबडीतपणा. चरे खोल राहिले की त्यांत धूळ व मीठ साचते. समुद्रकाठच्या मुंबईत, रत्नागिरीत किंवा गोव्यात हवेतील क्लोराइड अशाच जागी कवच भेदून बारीक खड्डे पाडते. म्हणून 120, 180, 240, 320, 400 अशा चढत्या क्रमाने दाणा बारीक करत जावे. प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्याचे चरे पूर्ण गेले आहेत, याची खात्री करूनच पुढे जावे. घाईने मधला टप्पा गाळला तर बफिंगची चकाकी ते चरे झाकते, मिटवत नाही. समुद्रालगतच्या कामासाठी दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेला 316 ग्रेड सुचवणे, हाही प्रामाणिक व्यापाराचाच भाग आहे.

बफिंग संपले म्हणजे काम संपले, असे नाही. पॉलिशचा मेणचट लेप आणि तेल प्रथम पूर्ण धुऊन काढावे. त्यानंतर नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाची पॅसिव्हेशन प्रक्रिया केली की पृष्ठभागावरील मोकळे लोखंड विरघळते आणि कवच बळकट होते. हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन पाइप कोरडा करावा. परीक्षाही सोपी आहे: नमुन्याचा तुकडा एक तास ओला, एक तास कोरडा, असा चोवीस तास ठेवावा. तपकिरी ठिपके उमटले तर लोखंड शिल्लक आहे, असे समजावे.

ग्राहकालाही दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. फरशी धुण्याचे ॲसिड रेलिंगवर उडू देऊ नये, कारण त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल हे कवच नष्ट करते. तसेच लोखंडी तारेच्या घासणीऐवजी मऊ फडके, सौम्य साबण आणि पाणी वापरावे.

पॉलिशचे काम बाहेर देताना ग्रेड, शेवटचा दाणा, स्वतंत्र चाके आणि पॅसिव्हेशन या चार बाबी कामाच्या चिठ्ठीवर लेखी असाव्यात. त्यामुळे पुढे वाद उद्भवला तर जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट राहते. चकाकी पहिल्या दिवशी माल विकून देते. डोळ्यांना न दिसणारे कवच दहा वर्षांनी त्याच ग्राहकाला पुन्हा त्याच पेढीकडे आणते.