'एम' काय मिरवायला दिलाय?

राईहून ठाण्याचं ऑफिस गाठायचं म्हणजे भाईंदर, काशिमिरा आणि मग घोडबंदर रोड. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, क्लच-ब्रेक-क्लच. डावा गुडघा बोलायला लागला तेव्हा मी सरळ ऑटोमॅटिक घेतली. २०१४ साली सेलेरिओबरोबर स्वस्तातली एएमटी आली आणि आपल्यासारख्या ईएमआयवाल्यांची सोय झाली. एएमटी म्हणजे गिअरबॉक्स नेहमीचाच. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं मशीन करतं.

दांडा 'डी'वर टाकला की विषय संपला! शेजारी 'एम' होता, अधिक-उण्याच्या खुणाही होत्या, पण वर्षभर तिकडे हात गेला नाही. गिअर मीच टाकायचे तर जास्तीचे पैसे कशाला मोजले?

गेल्या पावसाळ्यात आई-बाबांना घेऊन ओझर-लेण्याद्री केलं. येताना माळशेज घाट. धुकं, पाऊस, पुढे ट्रक, आणि माझा पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या घाटात करपल्यासारखा वास आला. आई म्हणाली, "कुणाची तरी गाडी जळतेय वाटतं." वास आमच्याच चाकांचा होता. पुढच्या वळणाला ब्रेक नेहमीपेक्षा खोल गेला आणि माझ्या पोटात गोळा आला.

शेजारी बाबा. तीस वर्षं टेम्पो चालवलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "खालच्या गिअरला घे."

"बाबा, ऑटोमॅटिक आहे ही!"

"मग तो एम काय मिरवायला दिलाय?"

दांडा 'एम'मध्ये घेतला. एक गिअर खाली, थोड्या वेळाने आणखी एक. इंजिनाचा आवाज चढला आणि मागून कुणी धरून ठेवावं तशी गाडी आवरली. पहिल्याच रुंद जागी थांबून ब्रेक थंड होऊ दिले. मग उरलेला घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो, ब्रेक फक्त वळणापुरता.

भानगड साधी आहे. गिअरबॉक्स बघतो तुमचा वेग आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय. उतारावर पाय काढला की अनेक गाड्यांना वाटतं, मॅडम निवांत आहेत, पेट्रोल वाचवू. आणि वरचा गिअर पडतो. मग गाडी रोखायचा सगळा भार ब्रेकवर. ते तापले की पकड कमी होते. नव्या काही गाड्या उतार ओळखतात, पण पुढचं वळण त्यांनाही दिसत नाही. ते दिसतं तुम्हाला.

ओव्हरटेकचंही तेच. दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या बाजूला गेल्यावर पाय दाबला, तर एएमटी गिअर बदलताना क्षणभर अडखळते. नको तिथे! आधीच 'एम'मध्ये एक गिअर खाली घेतला की गाडी तयार असते. घाबरू नका, इंजिनाला झेपणार नाही इतका खालचा गिअर मागितला तर गाडीच नाही म्हणते.

सीव्हीटीवाल्यांनो, तुमच्या गाडीत मुळात वेगळे गिअरच नसतात. पॅडलवरचे गिअर सॉफ्टवेअरने पाडलेले टप्पे असतात. तरी उतारावर ते किंवा 'एल' कामाला येतात. ट्रॅफिकमध्ये मात्र पॅडल टकटक करून रेसर व्हायचं असेल तर खुशाल व्हा, ऑफिसला लेटच पोचाल.

फक्त पहिला धडा घाटात गिरवू नका. मी आता रविवारी सकाळी राईहून मोर्वा-डोंगरीकडे जाताना प्रॅक्टिस करते. आणि बाबांचा जुना नियम पाठ केलाय: ज्या गिअरवर घाट चढाल, त्याच गिअरवर उतरा.

परवा गायमुखच्या उतारावर मी न सांगता 'एम' केला. बाबांकडे बघितलं, तर त्यांनी चक्क डुलकी काढली होती. टेम्पोवाल्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही, बॉस!