सारस आणि अकरा हजार व्होल्ट



अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात बॅराबू नावाचे गाव आहे. जॉर्ज आर्चिबाल्ड व रॉन साउई या दोन तरुणांनी 1973 साली तेथे क्रौंच पक्ष्यांसाठी एक संस्था काढली. जगात क्रौंचांच्या जाती पंधरा. त्या सगळ्या तेथे अगदी जवळून पाहता येतात, आपला सारसही. वर्गात हे सांगितले की आमची एटापल्लीची मुले हमखास विचारतात, "सर, असे केंद्र आपल्याकडे का नाही?"

असे केंद्र मुळीच वाईट नाही. उत्तर अमेरिकेतील हूपिंग क्रौंच 1941 साली जेमतेम वीस-बावीस उरले होते. संरक्षण आणि पिंजऱ्यातील पैदास या दोहोंमुळे आज ते काही शेकड्यांवर गेले आहेत. पिलांना माणसाची सवय लागू नये म्हणून तेथील सेवक पांढरा झगा घालतात आणि क्रौंचाच्या डोक्याच्या बाहुलीने त्यांना भरवतात. गंमत वाटते, पण त्यामागे मोठा विचार आहे.

तरीही माझ्या मते आपली पहिली निकड निराळी आहे. महाराष्ट्रात सारस पन्नासाच्याही आत उरले आहेत. त्यांतले बहुतेक गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्या आणि परसवाड्यासारख्या तलावांच्या आश्रयाने राहतात. शेतातली कीटकनाशके त्यांना मारतात, तशाच विजेच्या ताराही.

येथे पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडा. चिमणी एका तारेवर बसते तेव्हा तिच्या दोन पायांमधील विभवांतर जवळजवळ शून्य असते. म्हणून ती सुखरूप राहते. सारसाचे पसरलेले पंख मात्र सुमारे अडीच मीटर भरतात. 11,000 व्होल्टच्या दोन तारांमधील अंतर याहून पुष्कळ कमी. दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला की प्रवाह पक्ष्याच्या शरीरातून वाहतो. शिवाय इतका जड पक्षी ऐन वेळी वळू शकत नाही, आणि उडताना मान खाली केली तर समोरचे त्याला दिसतही नाही. नुसत्या धडकेनेही तो मरतो.

उपाय ठाऊक आहेत: तारांवर चमकणाऱ्या चकत्या लावणे, आवरण असलेल्या तारा वापरणे, तलावाजवळ वाहिनी जमिनीखालून नेणे. खर्च होईल, हे खरे. पण केंद्र बांधायलाही तो होणारच. शिवाय केंद्रात वाढवलेले सारस सोडायचे कोठे? याच तारांखाली ना? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली सारसांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तो उगाच नव्हे.

गोंदियाकडच्या शिक्षकांना एक सुचवतो. आपल्या गावातील तलाव, बोड्या आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या तारा यांचा नकाशा मुलांकडून करून घ्या (खांबांपासून दूर राहूनच!) आणि तो वीज कार्यालयात नेऊन द्या.